पेन्सिलीतले शब्द

मी आज नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात फळ्यासमोर उभा राहतो, तो चाकूरच्या खलीलचाचांमुळे. आईवडिलांनी शाळेत घातलं, उपाशी ठेवलं नाही, त्यांचे उपकार वेगळे. पण शिकण्याची भीती माझ्या मनातून काढली ती मोटार रिवायंडिंग करणाऱ्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरणाऱ्या, या माणसाने.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे एक छोटी पुस्तिका छापली जाणार आहे. मराठी शाळांतून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी. तिच्यात चाचांनी जमवलेल्या इंग्रजी शब्दांच्या गोष्टी आहेत आणि वर नावही त्यांचंच असेल. छापखान्यात जाण्याआधी त्यातली एक चूक मला निस्तरायची आहे. चूक माझी आहे, पण ती तशीच छापली गेली तर नाव चाचांचं जाईल. ती कशी झाली हे समजायचं तर आधी चाचा समजायला हवेत.

चाकूरच्या बसस्टँडपासून पाच मिनिटांवर त्यांचं पत्र्याचं लांबट दुकान आहे. दारात जळालेल्या मोटारींची रांग, आत तांब्याच्या तारेची रिळं आणि वार्निशचा वास. मागच्या भिंतीवर, जिथे दुसऱ्या दुकानात कॅलेंडर लावतात, तिथे फळीवर एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश ठेवलेला. लातूरला जुन्या पुस्तकांच्या ढिगातून तो चाचांनी उचलून आणला होता. पुठ्ठा गेला होता, म्हणून मोटारीच्या खाचांत घालतात त्या पिवळ्या कागदाचं कव्हर त्यांनी त्याला घातलं होतं. मधली चार-पाच ठिकाणची पानं वाळवीने खाल्लेली. चाचा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकले. इंग्रजीचं एक वाक्य त्यांना धड बोलता येत नव्हतं. कुणी त्यावरून छेडलं तर म्हणत, मला इंग्रजी येत न्हाई, इंग्रजीतल्या शब्दांची वळख हाय.

गिऱ्हाइकाला ते नावाने हाक मारत नसत. ज्याची मोटार जेवढ्या ताकदीची, ते त्याचं नाव. आमच्या विहिरीवर तीन हॉर्सपॉवरची मोटार होती, म्हणून माझे वडील थोरले तीन एचपी आणि मी धाकटा. शेजारच्या गावचे एक मातब्बर बागायतदार साडेसात एचपी म्हणून ओळखले जात आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. पुढे त्यांनी विहीर सोडून बोअर घेतली, तिच्यात लहान मोटार बसली, तेव्हा ते चाचांना म्हणाले की नाव मात्र जुनंच राहू द्या.

मोटार तयार झाली तरी ती लगेच हातात पडत नसे. चाचा नेमप्लेटवरच्या एखाद्या शब्दावर बोट ठेवत आणि विचारत, "हा शब्द इथं कामाला लागायच्या आधी घरी काय करून राहिला होता?"

उत्तर बरोबर असलंच पाहिजे असं नव्हतं. पण काहीतरी अंदाज करायलाच लागायचा. अंदाज न करता मोटार उचलली की चाचा एक पाय तिच्यावर ठेवत. एकदा साडेसात एचपी वैतागले. ऊस वाळून राहिला, अन् तुम्ही शाळा घेऊन राहिले, म्हणाले. चाचांनी शांतपणे नेमप्लेटवरचं हॉर्सपॉवर दाखवलं. मग घोडाच सांगा की, तेवढं बी चालतंय. साडेसात एचपींनी घोडा सांगितला आणि मोटार घेऊन गेले. जाताना हसत होते.

हे वेड कुठून आलं, ते चाचांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी ते लातूरला एका डाळ मिलमध्ये मोटारी बघायला होते. एका सकाळी मोठ्या मोटारीचा शाफ्ट, म्हणजे मधला फिरता दांडा, मधोमध तुटला. ती जुनी मोटार आदल्याच आठवड्यात चाचांनी दुरुस्त करून परत बसवली होती, त्यामुळे सगळी बोटं त्यांच्याकडे. मालकाने कंपनीचा इंजिनिअर बोलावला. त्याने तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला, कागदावर एक इंग्रजी शब्द लिहिला आणि तो निघून गेला. तो कागद वाचून मालक चाचांना काही बोलला नाही. चाचांनी तो शब्द एका कॉलेजच्या मुलाकडून वाचून घेतला. फटीग. म्हणजे थकवा. वर्षानुवर्षं तेच ते ओझं झेलून लोखंडसुद्धा थकतं आणि एक दिवस तुटतं. त्यात कुणाचा दोष नसतो.

"एका शब्दानं माझी नोकरी राखली," चाचा म्हणाले, "अन् मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. लाज वाटली बघ."

त्या शाफ्टचा तुकडा ते मिलमधून मागून घेऊन आले. तो अजून त्यांच्या फळीवर आहे, कोशाच्या शेजारी, फडक्यात गुंडाळलेला. नवं गिऱ्हाईक उघडून बघायला लागलं तर चाचा म्हणत, राहू द्या, थकून झोपलंय ते.

आता त्यांच्या वहीबद्दल. रिवायंडिंगच्या दुकानात एक डायरी असतेच. जळालेलं वायंडिंग काढताना जुन्या तारेचे वेढे मोजतात, तार किती जाडीची ते बघतात आणि ते सगळं डायरीत लिहितात. त्यावरच नवं वायंडिंग उभं राहतं. पण तार पार जळून एकमेकींना चिकटलेली असली तर वेढे मोजता येत नाहीत, अंदाज करावा लागतो. चाचांचा नियम असा होता की अंदाज पेन्सिलीने लिहायचा. मोटार भरून, जोडून, विहिरीवर पूर्ण लोडवर चालली आणि गरम झाली नाही, मगच त्या आकड्यावर शाई. लातूरच्या बाजारापर्यंत त्यांच्या डायरीवर लोकांचा भरवसा होता, तो यामुळे.

शब्दांची वही त्यांनी याच नियमाने ठेवली होती. कोशात सापडलेलं मूळ निळ्या शाईत. कोशाचं पान वाळवीने खाल्लेलं असलं किंवा अक्षरं लागली नाहीत, तर स्वतःचा अंदाज पेन्सिलीत. एका पानावर एक शब्द. वर इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत, खाली तो आधी काय करत होता ते, आणि त्याखाली तो ज्या मोटारीबरोबर आला तिचा एचपी.

मी पहिल्यांदा ती वही पाहिली ती कॉलेजातल्या पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत. दहावीपर्यंत मी मराठीतच शिकलो, अकरावी-बारावीची इंग्रजी पुस्तकं नुसती पाठ केली. मार्क चांगले पडले आणि नांदेडला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. पहिल्या तीन महिन्यांत मला एवढंच कळलं की आपल्याला काही कळत नाही. सर इनर्शिया म्हणायचे, मोमेंट म्हणायचे, स्ट्रेस म्हणायचे, आणि शेजारची मुलं माना हलवायची. मी व्याख्या पाठ करत होतो आणि परीक्षेत विसरत होतो. दिवाळीला घरी आलो ते परत जायचं नाही असं ठरवूनच. आईला सांगितलं होतं. वडिलांना सांगायचं धाडस होत नव्हतं. त्याच दिवशी आमची मोटार जळाली आणि वडील म्हणाले, चाकूरला टाकून ये.

चाचांनी मोटार उघडली आणि माझ्याकडे न बघताच विचारलं की कॉलेज कसं आहे. ते कुणाशी तरी बोलून टाकायचंच होतं. मी म्हणालो की सोडून राहिलो, इंग्रजी झेपत नाही. त्यांनी त्यावर काहीच उपदेश केला नाही. एक शब्द सांग, म्हणाले, जो लई त्रास देतो. मी इनर्शिया सांगितला. त्यांनी हात पुसले, कोश काढला, पानं उलटली. त्यांचं वाचणं म्हणजे एकेक अक्षर बोटाने दाबत जाणं. मग कोश माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, तूच वाच, तुला येतंय तेवढं. मी वाचलं. मूळ लॅटिन शब्द. अर्थ आळशी, ज्याच्या अंगी काही कसब नाही असा.

चाचा हसले. "म्हणजे आमच्या दुकानात येऊन बसणारे अर्धे लोक. बसलेला उठत न्हाई, अन् एकदा चालायला लागला की थांबत न्हाई. हेच सांगतात का तुझे सर?"

हेच सांगत होते. तीन महिने हेच सांगत होते. मी स्टूल ओढून कोशापाशी बसलो आणि पुढचा शब्द सांगितला.

मोटार चार दिवसांनी मिळाली. ते चारही दिवस मी एस्टीने गावाहून चाकूरला येत राहिलो आणि त्यांची वही वाचत बसलो. मोमेंट म्हणजे तराजूचा काटा हलेल एवढासाच भार. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तेलबिया तोलताना पाहिलेलं सगळं मला त्या शब्दात दिसलं. स्ट्रेस म्हणजे आवळणं. चार्ज म्हणजे गाडीत माल भरणं. स्विच म्हणजे घोड्याला हाणायची बारीक छडी. इन्सुलेशन म्हणजे बेट करून ठेवणं, चारी बाजूंनी तोडून एकटं ठेवणं. आणि आमच्या गावात लहान पोरंसुद्धा जिची वाट बघतात ती मोटार चालवणारी थ्री फेज लाईट, तिच्यातला फेज हा चंद्राच्या कलांचा शब्द. हे समजलं त्या दिवशी घरी जाऊन मी आईला सांगितलं. ती म्हणाली, मग आपल्याकडं रोजच अमावस्या हाय.

मोटार न्यायला वडील आले. चाचांनी नेमप्लेटवर बोट न ठेवता माझ्याकडे बोट केलं.

"थोरले तीन एचपी, मोटार घेऊन जा. अन् याला नांदेडच्या गाडीत बसवून द्या. याचं वायंडिंग बरोबर हाय. कनेक्शन उलटं झालं होतं."

वडिलांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी मला दुसऱ्या दिवशी गाडीत बसवलं.

त्या गाडीच्या कंडक्टरचीही एक गोष्ट आहे. चाकूरवरून जाणाऱ्या गाड्यांवर एक बोलके कंडक्टर असत. चाचांनी त्यांना समजावलं होतं की तांब्याच्या तारेलाही कंडक्टर म्हणतात, आणि मुळात त्या शब्दाचा अर्थ सोबत घेऊन जाणारा. म्हणजे तुम्ही आणि तार सख्खे भाऊ. त्या दिवसापासून लातूरहून चाचांच्या तारेचं पार्सल गाडीत आलं की कंडक्टर दुकानासमोर खिडकीतून ओरडायचे, चाचा, माझा भाऊ उतरवून घ्या. सगळी गाडी वाकून बघायची.

घरातही त्यांचं हेच. चाचींनी एकदा माझ्यापुढे तक्रार केली की मिक्सर बंद पडला तर हे आधी मिक्सरचं खानदान सांगतात, चटणी दुपारपर्यंत तशीच. चाचा म्हणाले, चटणी उद्या बी होईल. चाची म्हणाल्या, शब्द बी उद्या होईल की.  मिक्सर लगेच सुरू झाला.

पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात चाचांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लातूरला झालं. काही दिवस वाचायचं नाही, वाकायचं नाही. दुकान पुतण्याने बघितलं. मी तेव्हा पहिलं वर्ष पास झालो होतो आणि या माणसासाठी काय करू असं मला झालं होतं. शब्दांची वही चाळताना दिसलं की पेन्सिलीतली अक्षरं पार फिकट झाली आहेत. ऑपरेशननंतर चाचांना हे कसं दिसणार? मी निळं पेन घेतलं आणि चार दुपारी बसून एकेक पेन्सिलीचं अक्षर शाईने गिरवलं. कुठे काही राहू नये म्हणून तीनदा तपासलं. इतक्या मनापासून मी तोवर कुठलंच काम केलं नव्हतं.

चाचांना चष्मा मिळाला तेव्हा मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी पानं उलटली. एका पानावर थांबले, मग पुढच्या, मग परत मागे गेले. तुझं अक्षर सुंदर हाय, म्हणाले. मग वही मिटून मांडीवर ठेवली.

"म्हणजे आता सगळंच पक्कं झालं म्हणायचं."

मी खूश झालो. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, ही तूच ठेव, मी नवी करतो. पुढे मी पदवी घेतली, नोकरी लागली, आणि बोलायची संधी मिळाली की ही गोष्ट सांगत आलो: माझ्या गुरूंनी आपली आयुष्यभराची वही मला बक्षीस दिली.

नांदेडला माझा प्रत्येक तास त्या वहीतल्या एका शब्दाने सुरू होतो. मुलं वाट बघतात. खेड्यापाड्यांतून आलेली, माझ्यासारखीच मान हलवायला घाबरणारी मुलं चार दिवसांत उत्तरं द्यायला लागतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून पुस्तिकेची कल्पना मीच प्राचार्यांसमोर मांडली.

गेल्या महिन्यात मी कॉइल हा शब्द घेतला. वहीत लिहिलं आहे: कॉइल, सापाचं वेटोळं, त्यावरून तारेचं वेटोळं. चाचांच्या स्वतःच्या धंद्याचा शब्द, म्हणून मी तो जरा ऐटीतच सांगितला. हिमायतनगरहून आलेली एक मुलगी उभी राहिली. सर, मोबाईलवर वेगळं दाखवून राहिलंय, म्हणाली. मी तिला म्हणालो की मोबाईल चुकत असेल, आमच्या वहीत शाईने लिहिलंय.

ती मुलगी बसली. पण तास संपल्यावर मी ग्रंथालयात गेलो आणि मोठा कोश काढला. मूळ अर्थ गोळा करणं. दोरखंड गोळा करून ठेवणं, त्यावरून कॉइल. कलेक्ट या शब्दाचा तो नातेवाईक. सापाचा कुठे पत्ता नव्हता.

चाचा असं कसं चुकले, हे मला कळेना. मी वही खिडकीशी नेली आणि कॉइलचं पान उजेडात तिरपं धरलं. निळ्या शाईखाली पेन्सिलीची करडी खाच दिसत होती. वळणं माझी, खाच त्यांची.

मी टेबलापाशी येऊन बसलो आणि चाचांचं ते वाक्य, आता सगळंच पक्कं झालं म्हणायचं, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नीट ऐकलं.

त्या मुलीची मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर माफी मागितली. पुस्तिकेचा मजकूर थांबवला. फोन केला नाही, कारण शब्दांची गोष्ट चाचा फोनवर ऐकत नाहीत. हवेत गेलेलं कशावर तपासायचं, असं विचारतात. म्हणून काल पत्र टाकलं. ते असं:

आदरणीय चाचा, सलाम.

चाचींना सलाम सांगा. मी बरा आहे.

तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तुमच्या वहीतले पेन्सिलीचे सगळे शब्द शाईने गिरवले. तुम्हाला दिसावेत म्हणून गिरवले. कुठला अंदाज आणि कुठला पक्का, हा फरकच त्यात पुसून गेला, हे मला समजलं नव्हतं. तुम्हाला त्याच दिवशी समजलं होतं. तुम्ही बोलला नाहीत. वही माझ्याकडे दिलीत, आणि ते बक्षीस आहे असं मी गावभर सांगत फिरलो.

ती वही आता तुमच्या नावाने छापायला जाणार होती. मी ती थांबवली आहे. गेले तीन आठवडे रोज कॉलेजनंतर ग्रंथालयात बसून मी वहीतला एकेक शब्द दोन कोशांत तपासला. वही उजेडात तिरपी धरली की खालची खाच दिसते, त्यावरून तुमचे पेन्सिलीचे शब्द ओळखता आले. एकूण एकतीस निघाले. त्यांतले एकोणीस तुम्ही कोशाच्या मदतीशिवाय बरोबर ओळखले होते. त्यांच्यावर आता शाई चढायला हरकत नाही. सात चुकले होते, ते दुरुस्त केले. पाच शब्दांचं मूळ कोशवाल्यांनाही नक्की ठाऊक नाही. सगळे शब्द मी एका नव्या वहीत उतरवले आहेत, त्यात ते पाच परत पेन्सिलीने लिहिले आहेत. पुस्तिकेतही ते फिकट अक्षरांत येतील आणि पहिल्या पानावर तुमचा नियम छापला जाईल, म्हणजे मुलांना कळेल की फिकट आहे ते अजून तपासायचं आहे.

तुमच्या स्वतःच्या शाईतले बाकीचे सगळे शब्द बरोबर निघाले. एकही चुकला नाही.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने दोन्ही वह्या घेऊन येतो. तुम्ही नजर घातल्याशिवाय छापखान्यात काही जाणार नाही. या खेपेला बरोबर मोटार नाही, पण शब्द आणला आहे. कॉइल. कामाला लागायच्या आधी तो दोर गोळा करून राहिला होता. हिमायतनगरच्या एका मुलीने शोधला. तिच्या घरी पाच एचपीची मोटार आहे, ते विचारून घेतलं आहे. तेवढं त्या शब्दाखाली तुमच्या हाताने लिहा.

तुमचा,
धाकटा तीन एचपी